तारूची आई

आमच्या धाकट्या दिराचं, रंगनाथचं, लग्न झालं ते एकोणीसशे अडुसष्ट साल. मांडवावरची पानं अजून हिरवी होती, तेव्हा थोरल्या जाऊबाईनं मला पडवीत हाक मारली.

"ठकू, इकडं ये. दार लोटून घे."

सगुणाआक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. लग्नात नव्या सुनेची ओटी तिनंच भरली, आणि पाहुणे गेले त्या दिवशी जी आडवी झाली ती झालीच. डॉक्टरनं माझ्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तंबाखूनं छाती खाल्ली, आता उरलेले दिवस सुखानं जाऊ द्या. आम्ही तिला हे सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं.

"नाशकाला जाऊन येशील?" ती म्हणाली.

"औषधाला?"

"औषध गेलं चुलीत. तो सावल्यांचा लेखक राहतो ना तिथं, त्याच्याकडं जा. गोष्टीचा शेवट विचारून ये."

मी हसले नाही. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. पण आमच्या शेडमधल्या कुठल्याही बाईला त्यात हसण्यासारखं वाटलं नसतं.

सिन्नरला आम्ही दोघी जावा विड्या वळायचो. पत्र्याची लांबच लांब शेड, मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं आणि तंबाखू. विडीचं काम असं, की हात बांधलेले आणि कान मोकळे. म्हणून आम्ही द्वारकाताईला वाचायला बसवलं होतं. तिचे यजमान शाळामास्तर होते. ते गेल्यावर तीही विड्या वळायला आली, पण तिचा हात जड, विडी सैल व्हायची आणि तपासणारा अर्धी टोपली छाटून टाकायचा. तेव्हा बायकांनीच ठरवलं, की मास्तरीणबाईनं वळायचं नाही, नुसतं वाचायचं, आणि प्रत्येकीनं संध्याकाळी आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. दळणाऱ्याला दळणावळ, तशी ही वाचणावळ.

द्वारकाताई वाचनालयातून अद्भुत कादंबऱ्या आणायची. आम्हाला दुसरं काही रुचायचं नाही. सासू, सवत, नवऱ्याची दारू हे घरी होतंच. आमच्यात दोन लेखकांवरून तट पडले होते. इनामके नावाचा एक होता, 'बोलकी विहीर' आणि 'हाडांचं झाड' ही त्याची नावाजलेली पुस्तकं. दुसरा बोरवणकर. त्यानं आधी 'मेणाचा डोंगर' लिहिलं आणि मग 'निश्छायनगर'. ते नाव आमच्या जिभेवर बसेना. आम्ही त्याला सावल्यांची गोष्ट म्हणायचो.

"तुझा बोरवणकर चार चार पानं नुसता चंद्रच उगवतो," इनामकेवाल्या म्हणायच्या. "तोवर माझी शंभर विडी होती."

"आणि तुझा इनामके पानाला एक मुडदा पाडतो. गावात माणूस उरलं नाही, आता विहिरीशी बोलंल कोण?"

सावल्यांच्या गोष्टीत एक नगर होतं. तिथं वेशीतून आत जाणाऱ्याची सावली राजा कापून घेई, आणि ज्याची सावली गेली तो आपलं घर विसरून जाई. नदीच्या अलीकडं एका नावाड्याची बायको आणि तिचा पोरगा तारू राहायचे. बापाची सावली सोडवून आणायची म्हणून तारू एकटाच नाव घेऊन निघाला. चार भाग झाले. तारूला दगडी घोडा भेटला, तो धुक्याच्या बाजारात विकला जाता जाता वाचला, सातव्या वेशीपाशी येऊन ठेपला. त्याची आई अलीकडच्या घाटावर दिवा घेऊन वाट बघत बसलेली. इथं चौथा भाग संपला, आणि मग कित्येक वर्षं पाचवा आलाच नाही. आम्ही विचारलं की द्वारकाताई म्हणायची, "येईल. लेखक लिहितोय."

दुसरा भाग चालू होता त्या पावसाळ्यात आक्काचा एकुलता एक दत्तू गावाबाहेरच्या खाणीत बुडाला. दगड काढून झालेली खाण, पाण्यानं भरलेली. चौथीत होता. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी आक्का शेडमध्ये आली. बायका म्हणाल्या, घरी बस थोडे दिवस. ती म्हणाली, "घरी काय बघू?" आणि सूप मांडीवर घेऊन द्वारकाताईच्या अगदी समोर बसली. तेव्हापासून ती जागा तिचीच. एक मात्र झालं. शाळा सुटायची वेळ आली की ती हातातलं काम टाकून घरी निघायची आणि उंबऱ्यावर येऊन बसायची. शाळेतली पोरं घरोघर पांगली की उठायची. सासूबाईंनी रागावून पाहिलं, थोरल्या दिरांनी समजावून पाहिलं. शेवटी कुणी काही म्हणेनासं झालं.

"मास्तरीणबाईला विचारून जाऊ का?" मी म्हणाले. "तिला पत्ता ठाऊक असंल."

"तिला सांगू नको. ती नको म्हणंल."

"ती कशाला नको म्हणंल?"

"म्हणंल. तू वाचनालयात पत्ता विचार." तिची बोटं गोधडीवर चालली होती. विड्या सुटल्या होत्या, पण बोटांची सवय सुटली नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची. "शेवट विचार. मधलं काही गाळू नको. त्यानं सांगितलं तसंच सांग, गोड करून सांगशील तर माझी शपथ हाय."

तारू घरी येतो का, हे तिला हवंय, असं मी समजले. दुसरं काय असणार?

सकाळच्या एसटीनं मी निघाले. आयुष्यात एकटीनं केलेला तो पहिला प्रवास. नाशिक येईपर्यंत मी चार वेळा पदर खोचला आणि सोडला. माणसाच्या घरात शिरून, तुमच्या गोष्टीत पुढं काय होतं, असं कसं विचारायचं? आणि त्यानं सांगितलं, की तारू येत नाही, तर मी काय तोंड घेऊन परत जाऊ?

घर एका बोळात वरच्या मजल्यावर होतं. दार बाईनं उघडलं. माझ्या नखांतली तंबाखूची काळी कड तिनं पाहिली, पण बाहेर उभं केलं नाही. आत एक म्हातारे गृहस्थ सतरंजीवर बसून ताटात तांदूळ निवडत होते. मी आपली इकडं तिकडं बघत राहिले. मला वाटलं होतं, लेखक कुठंतरी आतल्या खोलीत असेल.

"कोण पाहिजे?" ते म्हणाले.

"बोरवणकर साहेब."

"मीच."

"सिन्नरहून आले. विड्या वळते."

"मी विडी ओढत नाही."

"विकाया नाही आले. सावल्यांची गोष्ट तुमचीच ना?"

त्यांनी ताट बाजूला केलं. "वाचता तुम्ही?"

"वाचता येत नाही. ऐकते. आमच्यात एक बाई वाचती." मग मी आक्काचं सांगितलं. सगळं नाही, आजारी आहे, पाचव्या भागापर्यंत थांबायची नाही, एवढंच.

"पाचवा भाग," त्यांची बायको आतून म्हणाली. "कोऱ्या कागदांना वाळवी लागली, पण यांचा हात काही कागदाला लागला नाही."

"तू चहा टाक," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा खुलला होता. "शेवट माझ्या डोक्यात पक्का आहे. विचारा, काय हवंय?"

"तारू घरी येतो का?"

"कोण?"

"तारू. नावाड्याचा पोरगा."

"अहो बाई, तो बुडाला. दुसऱ्या भागातच बुडाला."

"नाही साहेब. नाव उलटली, पण तो पोहत पल्याड लागला. तिथं त्याला दगडी घोडा भेटला."

"कोण भेटला?"

"दगडी घोडा. उलट्या वाटेनं चालतो तो."

"माझ्या पुस्तकात घोडा नाही."

"हाय," मी म्हणाले. मला राग आला होता. आठ वर्षं ज्याला ओळखत होते, त्याला हा माणूस नाहीच म्हणत होता. "धुक्याच्या बाजारात तारूला विकाया काढलं, तेव्हा त्यानंच लाथ मारून तराजू पाडला. तुम्ही विसरले असाल."

ते उठले. फळीवरून एक पुस्तक काढलं, पानं उलटली आणि माझ्यासमोर धरलं. मला ते पान आणि दुसरं कुठलंही पान सारखंच. मग त्यांनी वाचून दाखवलं. "'भोवरा मिटला. पाणी पुन्हा सपाट झालं आणि त्यावर वल्हं तेवढं तरंगत राहिलं. तारूची सावली मात्र राजाला मिळाली नाही. ती त्याच्याबरोबर तळाशी गेली.'"

मी विचारलं, "हे आधीपासूनच हाय यात?"

"छापल्या दिवसापासून आहे."

ते पान शेडमध्ये कोणत्या दिवशी आलं असेल, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. नावेत पाणी शिरलं तिथं आदल्या दिवशी वाचन थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी आक्का तेराव्यानंतर पहिल्यांदा येऊन समोर बसली होती. द्वारकाताईनं पुस्तक उघडलं होतं आणि बराच वेळ घसा साफ केला होता. मी त्यांना तेवढं सांगितलं. दत्तूचंही सांगितलं.

बोरवणकर विरघळले नाहीत. उलट भडकले.

"पुस्तक म्हणजे काय धर्मशाळा आहे, की येईल त्यानं आपला घोडा बांधावा? तो मरतो म्हणून पुढचं सगळं आहे. त्याची आई ते वल्हं उचलते. तिसरा भाग सगळा तिचा, चौथा तिचा. ती रोज नाव घेऊन त्या नगरात जाते आणि बिनसावलीची माणसं एकेक करून बाहेर काढते. तीच माझी नायिका आहे. तारू जगला तर ती कशाला वल्हं हातात घेईल? ती आपली घाटावर बसून राहील."

"बसलीच हाय," मी म्हणाले. "दिवा घेऊन."

चहा आला. बायकोनं माझ्या हातात कप दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "आजारी बाई आहे. आला म्हणून सांगा की घरी. तुमचं काय जातं?"

"माझं जातं."

"शेवटी ती काय करती साहेब?" मी विचारलं. "तारूची आई."

"शेवटी राजा मरत नाही. लोकांना तो मरायला हवा असतो, म्हणून तर प्रकाशक कुरकुरतो. ती एका संध्याकाळी रिकाम्या नावेनं परत येते, नाव बांधते, भाकरी खाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेपेला निघते. झालं. एवढंच आहे."

मी उठले. जिन्यापर्यंत ते आले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"तो घोडा उलट्या वाटेनं का चालतो?"

"त्याला पुढं जायचंच नसतं."

त्यांनी मान हलवली. "वाचणाऱ्या बाईंचं नाव काय?"

"द्वारकाताई."

"त्यांना सांगा," ते म्हणाले, आणि मग म्हणाले, "काही नको. तुमची एसटी चुकेल."

सिन्नरला उतरले ती तडक द्वारकाताईच्या खोलीवर गेले. ती ओसरीत बसून वातीला कापूस पिंजत होती.

"मास्तरीणबाई, नाशकाला जाऊन आले. लेखकाकडं."

तिनं कापूस खाली ठेवला. माझ्याकडं न बघता विचारलं, "काय म्हणाला?"

"तारू बुडाला म्हणाला."

"हो," ती म्हणाली. "बुडालाच."

मी भांडायच्या तयारीनं आले होते. तिनं भांडायला काही ठेवलंच नाही.

"ते वाक्य समोर होतं आणि सगुणा समोर होती. डोळे असे सुजलेले. माझ्या तोंडून 'बुडाला' निघेना. म्हटलं, पोहत पैलतीरी लागला. एकच वाक्य, ठकू. वाटलं, चार पानांनी सावरून घेऊ. पण पुढं पुस्तकात तो नाहीच. मग घोडा आणला, बाजार आणला. पान छापलेलं एक आणि मी वाचतेय दुसरंच. त्याच्या आईचं काय करावं ते सुचेना, तिला घाटावर बसवून ठेवलं. घरी आले की तव्यावरची भाकरी करपायची, उद्या त्याला कुठं नेऊ या विचारात."

"मग शेवट काय करणार होता?"

"शेवट नाही माझ्याकडं. दर वेळी मनातल्या मनात घराच्या वाटेला लावते आणि अडते. सगुणाच्या समोर तारूला दारात उभा करू? तिला वाटणार नाही, की हिचा आला, माझा का नाही आला? आणि मारू म्हटलं, तर आठ वर्षं जगवून आता मारू? पाचवा भाग येईना याचं मला बरंच वाटत होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता असं करू. पाचवा भाग आला म्हणून उद्या मी येते. आणते त्याला घरी. होईल ते होईल."

"गोड करून सांगू नको म्हणून आक्कानं शपथ घातलीय."

"शपथ तुला घातलीय," द्वारकाताई म्हणाली. "मला नाही."

घरी गेल्यावर, लेखक भेटले, उद्या सगळं सांगते, असं म्हणून मी आक्काला टाळलं. तिची बोटं मात्र चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाताई आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. खाटेजवळ पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "सगुणा, आला बरं का पाचवा भाग."

"बघू," आक्का म्हणाली. पुस्तक हातात घेऊन तिनं कागद बाजूला केला, कडेवरून अंगठा फिरवला. "ही कड तर आपल्याच तंबाखूनं पिवळी झालीय. नवं पुस्तक पिवळं येऊ राहिलंय का आता?"

आक्कानं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"ठकू, गेली होतीस तू. तू सांग."

मी द्वारकाताईकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनी नको म्हटलं. मला तिची दया आली, आणि आक्काच्या चेहऱ्याकडं बघितलं तर दया करायला तिथं जागा नव्हती. ती वाट बघत होती.

"तारू बुडाला, आक्का," मी म्हणाले. "दुसऱ्याच भागात. घोडाबिडा काही नाही. ते यांनी रचलं."

आक्काचा हात पुस्तकावर होता.

"तारूचं मी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "पोहत निघाला म्हणाल्या, त्या दिवशीच मला शंका आली होती. तुमचा आवाज मास्तरीणबाई, पुस्तकाचा नव्हता तो. पण मी म्हटलं, राहू दे. माझ्यासाठी चाललंय, चालू दे." ती दम खात थांबली. "मला त्याच्या आईचं विचारायचं होतं. ती उठती का नाही घाटावरून?"

"उठती," मी म्हणाले. "बुडाला त्याच दिवशी उठली. त्याचं वल्हं घेतलं आणि नाव हाकाया लागली. त्या नगरातली माणसं काढून आणती. तिसरा भाग सगळा तिचा, चौथा तिचा."

"आणि शेवटी?"

"शेवटी रिकामी नाव घेऊन येती. भाकर खाती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाती."

आक्का द्वारकाताईकडं वळली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तिला बसवून का ठेवलं तुम्ही? ती उठली असती तर मीसुद्धा उठले असते."

द्वारकाताईनं तोंडावर पदर घेतला. आक्कानं तिला रडू दिलं. थोड्या वेळानं पुस्तक तिच्या पाटाकडं सरकवलं.

"हा तिसरा ना?"

"तिसरा."

"वाचा. लिहिलंय तसं वाचा."

तिनं चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळींना आवाज फाटत होता, मग लागला. तारूच्या आईचं नाव आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. तिला नाव होतं, रेवा. तारू बुडेपर्यंत पुस्तकातही ती नुसती तारूची आई होती, आणि द्वारकाताईच्या गोष्टीत आईच राहिली. रेवानं वल्हं उचललं, ते तिच्या हाताला लांब होत होतं, म्हणून दगडावर ठेचून तिनं त्याचं टोक तोडलं. तिथं आक्का म्हणाली, "हे बरं केलं," आणि पुढं वाचा म्हणून हात केला.

त्यानंतर द्वारकाताई रोज काम सुटल्यावर आमच्याकडं येऊ लागली. मी माझ्या सुपातल्या मूठभर विड्या तिला द्यायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला सारला. तिसरा भाग पुरा झाला. चौथा निम्म्यावर आला. दुसऱ्या बायकांना आम्ही काही सांगितलं नाही. शेडमध्ये तारू अजून सातव्या वेशीपाशीच उभा होता आणि त्यांना तो तिथंच बरा वाटत होता.

चौथ्याचा राहिलेला अर्धा भाग मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला नाही. द्वारकाताईकडंच पाटी घेऊन बसले. तेव्हा माझा थोरला सातवीत होता आणि आईची अक्षरं बघून हसायचा. ते पुस्तक एकटीनं वाचून काढायला मला चाळिशी उलटावी लागली. पाचवा भाग निघाला नाही. बोरवणकर एकोणीसशे एकाहत्तरच्या माघ महिन्यात नाशिकला राहत्या घरी वारले. द्वारकाताई त्र्याऐंशी साली चैत्रात गेली, कधी वळायला बसली तरी शेवटपर्यंत तिची विडी सैलच राहिली. आणि आमची सगुणाआक्का रंगनाथच्या लग्नाच्या सालीच, पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.